रणजीची फायनल बुधवारी कशाला? शुक्रवारी सुरू करा

उमरेड_रोड
मुद्दा सरळच मांडतो. रणजी करंडकाची फायनल पाच दिवसांची असते, पण ती कोणत्या वारी सुरू करायची याला काही धरबंद नाही. इंदूरची २०१७-१८ ची फायनल शुक्रवारी सुरू झाली, आपल्या नागपूरच्या जामठा मैदानावरची २०१९ ची रविवारी, राजकोटची २०२० ची सोमवारी, बंगळूरची २०२२ ची बुधवारी, कोलकात्याची २०२३ ची गुरुवारी, वानखेडेवरची २०२४ ची परत रविवारी आणि जामठ्याची २०२५ ची बुधवारी. सात फायनल, पाच निरनिराळे वार.

बुधवारच्या बाजूनं नेहमी एकच कारण देतात: चौथा आणि पाचवा दिवस शनिवार-रविवारी येतो, म्हणजे निकाल सुट्टीच्या दिवशी लोकांसमोर लागतो. २०२५ ला झालं काय ते बघा. विदर्भ ३७९. केरळ ३४२ वर सर्वबाद, तेही तिसऱ्या दिवशी, २८ फेब्रुवारीला, शुक्रवारी. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातल्या आघाडीवर करंडक, त्यामुळे ३७ धावांच्या आघाडीनं तराजू त्याच संध्याकाळी झुकला. सचिन बेबी ९८ वर बाद झाला तो क्षण या फायनलचा कणा होता, आणि तो कामाच्या दिवशी दुपारी आला. रविवारी आपण ३७५/९ पर्यंत खेळत राहिलो आणि दोन्ही संघांनी हात मिळवले.

रणजी फायनलमध्ये लोकांनी बघायचा दिवस तिसरा असतो, पाचवा नाही. तो रविवारी आणायचा असेल तर सामना शुक्रवारी सुरू व्हायला हवा. तुमचं मत?

तर्रीपोहे
हाव नं भाऊ, एकदम बरोबर. इंदूरचीच फायनल घ्या ना. शुक्रवारी सुरू. शनिवारी सकाळी रजनीश गुरबानीची हॅटट्रिक, तिन्ही त्रिफळे, दिल्ली २९५. रविवारी अक्षय वाडकरचं शतक अन् मोठी आघाडी. सोमवारी, १ जानेवारीला, ९ गडी राखून विजय. सगळा माल शनिवार-रविवारी.

तिसरी_स्लिप
एका सामन्यावरून नियम बनवू नका. २०२२ ची बंगळूरची फायनल बघा, बुधवारचीच. मुंबई ३७४. मध्य प्रदेश तिसऱ्या दिवसअखेर ३६८/३, म्हणजे आघाडी शनिवारी सकाळी आली आणि ६ गडी राखून विजय रविवारी. बुधवारची सुरुवात तिथं तंतोतंत जुळली.

आणि केरळचा २०२५ चा उपांत्य सामना तर तुमच्या "तिसरा दिवस" सिद्धांताला सरळ छेद देतो. केरळनं १८७ षटकं खेळून ४५७ केल्या. गुजरातचा शेवटचा गडी पाचव्या दिवशी सकाळी ४५५ वर पडला, शॉर्ट लेगला उभ्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उडालेल्या चेंडूवर. आघाडी २ धावांची. संथ खेळपट्टी असली की पहिला डाव कधी संपेल हे कुणालाच सांगता येत नाही.

धंतोलीकर
जामठ्याच्या कसोट्यांचे वार काढले. या चर्चेला कामाचे आहेत.

नोव्हेंबर २००८, ऑस्ट्रेलिया: गुरुवारी सुरू, सोमवारी संपली. फेब्रुवारी २०१०, दक्षिण आफ्रिका: शनिवार ते मंगळवार. नोव्हेंबर २०१०, न्यूझीलंड: शनिवार ते मंगळवार. डिसेंबर २०१२, इंग्लंड: गुरुवार ते सोमवार, अनिर्णित. नोव्हेंबर २०१५, दक्षिण आफ्रिका: बुधवारी सुरू आणि शुक्रवारी खेळ खल्लास. नोव्हेंबर २०१७, श्रीलंका: शुक्रवार ते सोमवार. फेब्रुवारी २०२३, ऑस्ट्रेलिया: गुरुवारी सुरू, शनिवारी ऑस्ट्रेलिया ९१ मध्ये गारद.

२०१५ ची कसोटी डोळ्यांसमोर ठेवा. बुधवारी सुरू केली, शनिवार-रविवार राखून ठेवला आणि त्या दोन दिवसांत एकही चेंडू पडला नाही. २०२३ ला रविवार वाया. उलट २०१७ ला शुक्रवारची सुरुवात होती म्हणून शनिवारी मुरली विजय आणि पुजाराची शतकं, रविवारी कोहलीच्या २१३. बुधवार हा जुगार आहे. सामना लवकर आटोपला तर सुट्टीचे दोन्ही दिवस हातचे जातात. शुक्रवारी सुरू केला की दुसरा-तिसरा दिवस मिळणार हे जवळपास पक्कं.

पिच_माती
धंतोलीकर, यादी उत्तम, पण कसोटीची खेळपट्टी आणि रणजीची खेळपट्टी एका मापानं मोजू नका. २०१५ ला पहिल्या दिवसापासून चेंडू वळत होता, आयसीसीनं त्या खेळपट्टीला "खराब" शेरा दिला. त्याच मैदानावर देशांतर्गत क्रिकेटचे अलीकडचे मोठे सामने पाचव्या दिवसापर्यंत गेलेत: २०१९ ची फायनल, २०२५ चा मुंबईविरुद्धचा उपांत्य सामना, २०२५ ची फायनल, त्याच वर्षी ऑक्टोबरमधला इराणी करंडक. चारही पाचव्या दिवशी संपले. म्हणजे रणजीसाठी "लवकर संपेल" ही भीती जामठ्यावर तरी फारशी लागू नाही.

दुसरी गोष्ट, वार बदलताना खेळपट्टीचा विचार करा. २०२५ ला उपांत्य सामना २१ फेब्रुवारीला, शुक्रवारी संपला आणि २६ ला फायनल. मध्ये चार दिवस. मैदानाच्या मधल्या एकाच चौकोनात शेजारशेजारच्या पट्ट्या असतात. पहिल्या सामन्यात गोलंदाजांच्या पावलांनी एका बाजूला खड्डे पडतात आणि ते शेजारच्या पट्टीच्या काठापर्यंत येतात. म्हणून फायनलची पट्टी दोन-तीन पट्ट्या सोडून घ्यावी लागते. तिला पाणी देणं, रोलर फिरवणं, वाळवणं हे काम उपांत्य सामना चालू असतानाच, खेळाआधी आणि खेळानंतर करावं लागतं. शेवटचं पाणी साधारण दोन-तीन दिवस आधी. ते उशिरा पडलं की पहिल्या सत्रात ओल राहते आणि नाणेफेकच सामना ठरवते. फायनल दोन दिवस पुढे गेली तर माळी लोकांना श्वास घ्यायला मिळेल, एवढं नक्की.

दादर_टीटी
मुंबईहून लिहितो आहे. वानखेडेवरची २०२४ ची फायनल रविवारी सुरू झाली. मुंबई २२४, विदर्भ सोमवारी १०५ मध्ये बाद. पहिल्या डावाचा हिशेब सोमवारी सकाळीच मिटला, पण विदर्भानं दुसऱ्या डावात जी झुंज दिली ती गुरुवारपर्यंत चालली. १६९ धावांनी हरलात, पण मान उंच ठेवून. सांगायचा मुद्दा असा की रविवारची सुरुवात सगळ्यांत वाईट. सुट्टीचा एकच दिवस मिळतो आणि तो पहिला, जेव्हा सामन्याला अजून आकारच आलेला नसतो.

तर्रीपोहे
सहमत. २०१९ ची आपली पण रविवारचीच होती. आघाडी फक्त ५ धावांची, ३१२ ला ३०७, अन् ती ठरली मंगळवारी. आपल्या आदित्य सरवटेनं सौराष्ट्राच्या पुजाराले दोन्ही डावांत काढलं, १ अन् ०, सामन्यात ११ बळी घेतले, अन् करंडक आला गुरुवारी. आपल्या घरच्या मैदानावरचा करंडक अन् लोक दुकानात, ऑफिसात. हे बदललंच पाहिजे.

वर्धा_नाका
वारावर भांडण्याआधी रस्त्यावर बोला. जामठा शहरात नाही. सीताबर्डीपासून वर्धा रोडनं पंधरा किलोमीटरहून जास्त. कामाच्या दिवशी सकाळी आठ ते साडेनऊ मिहान आणि बुटीबोरीच्या स्टाफ बस, ट्रक आणि प्रेक्षक हे सगळे एकाच रस्त्यावर असतात. खेळ साडेनऊला सुरू. पहिला तास चुकला म्हणजे नव्या चेंडूचाच खेळ चुकला.

मेट्रोची ऑरेंज लाइन खापरीपर्यंत आहे. तिथून पुढचे सहा-सात किलोमीटर हीच खरी अडचण. खापरीहून मैदानापर्यंत फीडर बस आठ ते साडेनऊ आणि परतीला साडेचार ते सहा, दर दहा-पंधरा मिनिटांनी सोडली तर कोणत्याही वारी लोक येतील. ती नसेल तर रविवारीही तेच येतील ज्यांच्याकडे गाडी आहे. टप्पा दोनचा बुटीबोरीकडे जाणारा मार्ग जामठ्यावरूनच जायचा आहे. तो झाला की ही चर्चाच वेगळी होईल.

संत्राबर्फी
वर्धा नाका, मग मैदानच बदला ना! सिव्हिल लाइन्सचं जुनं व्हीसीए (विदर्भ क्रिकेट संघटना) मैदान शहराच्या मधोमध आहे. १९६९ ते २००६ तिथं कसोट्या झाल्या. झिरो माईलला उतरा आणि चालत जा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कचेरीतला माणूस एक सत्र बघून परत जाऊ शकतो. मंगळवार असो की गुरुवार, फरक पडणार नाही.

नवा_चेंडू
सिव्हिल लाइन्सची कल्पना मनाला भावते, पण फायनलला थेट प्रक्षेपणाचा सगळा सरंजाम लागतो, दोन्ही संघांना सरावाची नेट, वाहनतळ. आज तो जामठ्यावर तयार आहे. साखळी सामने सिव्हिल लाइन्सला, बाद फेरी जामठ्याला, हीच विभागणी व्यवहार्य.

माझी सूचना वेगळी. वार सोडा, वेळ बदला. दुपारी दोनला सुरू करा, गुलाबी चेंडूनं. दुलीप करंडक २०१६ मध्ये गुलाबी चेंडूनं प्रकाशझोतात खेळवला होता. लोक काम आटोपून शेवटच्या सत्राला येतील.

पिच_माती
नवा चेंडू, नागपुरात फेब्रुवारीत संध्याकाळी सातनंतर दव येतं. चेंडू ओला झाला की फिरकीपटूच्या बोटांना पकड मिळत नाही. आपला संघ फिरकीवर उभा आहे, हर्ष दुबेनं २०२४-२५ च्या मोसमात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला विक्रम. प्रकाशझोतात खेळवलं तर त्याचं हत्यारच बोथट होतं. शिवाय गुलाबी चेंडूचा रंग टिकावा म्हणून खेळपट्टीवर जास्त गवत ठेवावं लागतं, म्हणजे खेळपट्टीचा स्वभावच बदलला. आणि रात्री साडेनऊला खेळ संपल्यावर जामठ्याहून परतायचं कसं, ते वर्धा नाका सांगतीलच.

वर्धा_नाका
खापरीहून शेवटच्या गाड्या गाठणं कठीण. दिवसाचाच खेळ ठेवा. साडेचारला संपतो हे जामठ्यासाठी वरदान आहे, कारखाने सुटायच्या आत माणूस शहरात पोचतो.

लेगबाय
सगळे वारावर बोलून राहिले, पण गर्दी वारामुळे येते की नावामुळे? ३० जानेवारी २०२५ ला दिल्लीत कोहली रेल्वेविरुद्ध रणजी खेळला. गुरुवार होता. दरवाजे उघडायच्या आधीपासून रांगा. दुसऱ्या दिवशी तो ६ वर बाद झाला आणि स्टँड रिकामे व्हायला लागले. जामठ्यावरच ६ फेब्रुवारी २०२५ ला भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना झाला, तोही गुरुवारी, दुपारी दीडला, आणि मैदान भरलं. वार दुय्यम आहे.

उमरेड_रोड
लेगबाय, कोहलीसाठी माणूस रजा टाकतो. दानिश मालेवारसाठी अजून टाकत नाही, आणि तेच तर बदलायचं आहे. २०२५ च्या फायनलच्या पहिल्या दिवशी २४ धावांत आपले ३ गडी गेले होते. तिथून मालेवार आणि करुण नायरनं २१५ धावांची भागी केली. मालेवारच्या १५३. पहिल्याच रणजी मोसमातलं नागपूरचं पोरगं. त्याला घरच्या लोकांनी बघावं म्हणून सुट्टीचा दिवस हवा. ज्याचं नाव आधीच मोठं आहे त्याला वाराची गरज नसते, नवख्याला असते.

तिसरी_स्लिप
ती भागी बुधवारी झाली आणि त्या दिवशी महाशिवरात्रीची सुट्टी होती! म्हणजे त्या फायनलला बुधवार, शनिवार, रविवार असे तीन सुट्टीचे दिवस मिळाले.

संत्राबर्फी
महाशिवरात्रीला अर्धा विदर्भ महादेवाच्या यात्रेला असतो, कुणी पचमढीला, कुणी अंभोऱ्याला. सणाची सुट्टी आणि क्रिकेटची सुट्टी एक नव्हे. इराणी करंडकाचंही तेच झालं. १ ते ५ ऑक्टोबर २०२५, बुधवार ते रविवार. दुसरा दिवस दसरा. त्या दिवशी दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात, आसपासची सगळी वाहतूक वळवलेली असते, पोलीस बंदोबस्त तिकडे. नागपुरात दसऱ्याला मैदानावर गर्दी होईल असं ज्यांना वाटतं त्यांनी नागपूर पाहिलेलं नाही. वार ठरवताना यजमान शहराचं पंचांग बघा, एवढीच विनंती.

नवा_चेंडू
पण फायनल कोणत्या शहरात हे उपांत्य सामने संपेपर्यंत ठरतच नाही. २०२५ ला २१ तारखेला कळलं, २६ ला सामना. केरळचा संघ अहमदाबादेत पाच दिवस खेळून नागपूरला आला. पंचांग बघायला वेळ कुठाय? म्हणून वार देशभरासाठी एकच ठरवलेला बरा.

दादर_टीटी
इतर खेळांत हे झालेलं आहे. युरोपातल्या चॅम्पियन्स लीग फुटबॉलची फायनल बुधवारी व्हायची, २०१० पासून शनिवारी न्यायला सुरुवात केली, कारण मुलांना आणि कुटुंबांना येता यावं. अमेरिकेत सुपर बोल रविवारी रात्री संपतो आणि सोमवारी लोकांना कामावर जाणं जिवावर येतं, म्हणून तो शनिवारी घ्या अशी मागणी तिथंही आहे. पण ते एका दिवसाचे सामने. पाच दिवसांचा सामना कुठंही ठेवा, निदान तीन दिवस कामाचे येणारच. प्रश्न इतकाच की कोणते.

लेगबाय
मेलबर्नचा मार्ग आहे की. बॉक्सिंग डे कसोटी २६ डिसेंबरला, वार कोणताही असो. तारीख पक्की असली की लोक वर्षभर आधी रजा मांडून ठेवतात. रणजी फायनललाही अशी पक्की तारीख द्या.

तिसरी_स्लिप
लेगबाय, तारीख पक्की करून उपयोग तेव्हा, जेव्हा शहर पक्कं असतं. मेलबर्नचा माणूस रजा मांडतो कारण सामना मेलबर्नलाच आहे. आपल्याकडे नागपूरकरानं रजा मांडायची आणि फायनल राजकोटला.

धंतोलीकर
परत मूळ प्रश्नावर येतो, कारण वार बदलणं म्हणजे एक सामना सरकवणं नाही, पूर्ण बाद फेरी सरकते. २०२५ चं वेळापत्रक असं होतं: साखळी सामने २ फेब्रुवारीला, रविवारी संपले. उपांत्यपूर्व ८ ते १२, शनिवारी सुरू. उपांत्य १७ ते २१, सोमवारी सुरू. फायनल २६ फेब्रुवारी ते २ मार्च, बुधवारी सुरू. पाच दिवस खेळ, चार दिवस विश्रांती, म्हणजे नऊ दिवसांचं चक्र. त्यामुळे वार दर फेरीला दोन घरं पुढे जातो: शनि, सोम, बुध. बुधवार कुणी विचार करून निवडला की नाही कोण जाणे, पण पहिली फेरी शनिवारी ठेवली आणि विश्रांती चार दिवसांची धरली की फायनल बुधवारीच पडते.

शुक्रवार हवा असेल तर उपांत्यपूर्व सोमवारी १० ला, उपांत्य बुधवारी १९ ला, फायनल शुक्रवारी २८ ला. शेवट मंगळवारी, ४ मार्चला. आयपीएल २२ मार्चला सुरू झाली, म्हणजे मध्ये सतरा दिवस राहतात. विश्रांती तेवढीच, उलट साखळीनंतर दोन दिवस जास्त. खेळाडूंच्या बाजूनं काहीच अडचण नाही.

तिसरी_स्लिप
आता हेच वेळापत्रक त्या वर्षीच्या चॅम्पियन्स करंडकाशेजारी ठेवा. २ मार्च, रविवार, दुपारी अडीच: भारत-न्यूझीलंड. ४ मार्च, मंगळवार: भारत-ऑस्ट्रेलिया उपांत्य सामना. शुक्रवारची फायनल घेतली असती तर तिसरा दिवस एका सामन्याखाली दबला असता आणि पाचवा दुसऱ्याखाली. त्यात पाचवा दिवस मंगळवारी आला की करंडक रिकाम्या खुर्च्यांसमोर उंचवायचा. खेळाडू पाच महिने राबतो, त्याच्या हातात करंडक येताना टाळ्या वाजवायला माणसं हवीत. तुम्ही आघाडीचा दिवस मोठा मानता, मी करंडकाचा मानतो.

उमरेड_रोड
अडीचचा सामना आणि आपली चहाची सुट्टी दोन दहा ते अडीच. पहिली दोन सत्रं मोकळीच राहतात की. पण रिकाम्या खुर्च्यांचा मुद्दा वजनदार आहे, तो मान्य.

पिच_माती
मग मधला दिवस बघा. गुरुवार. तिसरा दिवस शनिवार, चौथा रविवार. पहिला डाव तिसऱ्या दिवशी संपला, २०१९ आणि २०२५ सारखा, तरी सुट्टीत. आघाडी चौथ्या दिवशी सकाळी ठरली, २०२२ सारखी, तरी सुट्टीत. सामना चौथ्याच दिवशी निकाली निघाला तर करंडकही रविवारी. कोलकात्याची २०२३ ची फायनल अशीच गुरुवारी सुरू झाली आणि सौराष्ट्रानं ती रविवारी, चौथ्या दिवशी ९ गडी राखून जिंकली. फक्त पाचव्या दिवसापर्यंत गेली तर शेवट सोमवारी.

तर्रीपोहे
गुरुवार चालते आपल्याले. पण एक काम करा, आठवड्यातल्या दिवशी शाळेच्या पोरांना आणा. गुरुवार-शुक्रवार पाचवी ते आठवीची पोरं, कारण दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा त्याच दिवसांत असते. शाळेच्या बस थेट फाटकापर्यंत. रणजीले तिकीट नसतेच बहुतेक वेळा.

संत्राबर्फी
आणि पोरांना पश्चिमेच्या स्टँडमध्ये बसवा. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला सरकतो आणि पूर्वेकडच्या स्टँडमध्ये ऊन सरळ तोंडावर येतं. फेब्रुवारीअखेर आपल्याकडे पारा चौतीस-पस्तीसला असतो. बाटल्या आत नेऊ देत नाहीत, तेव्हा पिण्याच्या पाण्याची सोय त्याच स्टँडखाली हवी, मैदानाला अर्धी चक्कर मारून नव्हे. जेवणाची सुट्टी चाळीस मिनिटांची, तेवढ्यात चारशे पोरांनी दोन नळांवर पाणी प्यायचं तर खेळ सुरू होऊनही अर्धी रांगेतच असतील.

दादर_टीटी
गुरुवारला माझीही पसंती. तिसरी स्लिप, तुमचं काय?

तिसरी_स्लिप
बुधवारच. पाचव्या दिवशी शर्थीचा पाठलाग चालू असताना सोमवार आलेला मला नको. पण रविवार किंवा सोमवारच्या सुरुवातीपेक्षा गुरुवार शंभरपट बरा, आणि क्रिकेट मंडळाला (बीसीसीआय) एकच वार पक्का करा म्हणून सांगायचं असेल तर त्यात माझं नाव धरा.

धंतोलीकर
गुरुवारचं वेळापत्रक लिहून ठेवतो, म्हणजे पत्रात घालता येईल. उपांत्यपूर्व रविवारी सुरू, उपांत्य मंगळवारी, फायनल गुरुवारी. चार दिवसांची विश्रांती दोन्ही वेळा कायम. पूर्ण बाद फेरी २०२५ च्यापेक्षा फक्त एक दिवस पुढे. उपांत्यपूर्वच्या पहिल्या दिवसाला रविवार मिळतो, उपांत्यच्या पाचव्या दिवसाला शनिवार मिळतो. २०२५ ला केरळच्या त्या २ धावा शुक्रवारऐवजी शनिवारी सकाळी आल्या असत्या.

उमरेड_रोड
शुक्रवार माझ्या मनातून जात नाही, पण पत्र गुरुवारचंच जाऊ द्या. देशांतर्गत मोसमाचं वेळापत्रक साधारण जूनमध्ये जाहीर होतं, त्यामुळे व्हीसीएमार्फत मंडळाकडे एप्रिलअखेरीस पोचलं पाहिजे. धंतोलीकर, वारांचा तक्ता तुम्ही करा. वर्धा नाका, खापरी फीडरचं वेगळं पत्र मेट्रोला आणि महापालिकेला, वेळांसकट. दोन्ही विषय एका कागदावर नकोत, नाहीतर एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं.

वर्धा_नाका
करतो. सकाळच्या फेऱ्या पावणेआठपासून मागतो, आठ उशीर होतो.